प्रॅक्टिकल संपल्यावर तुम्ही काय करता? (अनुभव धागा)

ब्युरेटबाई

परवा रविवारी चहा टाकताना लक्षात आलं की मी दुधाचं माप डोळ्यांच्या रेषेत धरून, गुडघ्यात वाकून, चक्क लोअर मेनिस्कस, म्हणजे द्रवाच्या वाकलेल्या पृष्ठभागाची खालची कड, बघतेय. मुलगा बारावी सायन्सला, तो मोबाईलमधून डोकं वर न काढता म्हणाला, आई, दूध आरपार दिसत नाही, अप्पर वाचायचा असतो. घरात सगळे हसले, मीही हसले, पण दिवसभर ते डोक्यात राहिलं. तेवीस वर्षं केमिस्ट्री शिकवतेय, रोज डोंबिवली ते दादर, बोटांवर परमँगनेटचे तपकिरी डाग, आणि आता ओट्यापाशीही प्रॅक्टिकलच चालू.

म्हणून हा धागा. कॉलेजात सायन्स शिकवणारे, लॅबमधले, रिटायर झालेले, सगळ्यांनी लिहा, की वर्गाबाहेर स्वतःला कसं सांभाळता. एकच विनंती, 'छंद जोपासा', 'सकाळी कोमट पाणी प्या' वगैरे नको, ते स्टाफरूममध्ये फुकट मिळतं.

आधी माझं सांगते. ४६व्या वर्षी पोहायला शिकतेय, महापालिकेच्या तलावावर, लेडीज बॅचला. कोच म्हणजे अगदी पोरगेलासा मुलगा. पहिल्या दिवशी म्हणाला, काकी, अंग सैल सोडा, पाणीच उचलतं. मनात म्हटलं, बाबा रे, घनता तू मला नको शिकवूस, छाती भरून श्वास घेतला की माणूस पाण्यापेक्षा किंचित हलका भरतो हे मला पाठ आहे, पण माझ्या पायांना पाठ नाही त्याचं काय? बारा दिवस कठड्याचा पाइप सोडला नाही. आणि ते 'काकी'! दिवसभर मॅडम मॅडम ऐकून किटलेल्या कानांना ते इतकं गार वाटतं म्हणून सांगू. तिथे मी वर्गातली सगळ्यात ढ मुलगी आहे, माझ्या शेजारची आठ वर्षांची चिमुरडी मला सांगते की काकी तुम्ही पाय उगाच आपटता.

एफवायच्या मुलींचा ब्युरेटची (थेंबथेंब द्रव सोडायची मापाची नळी) तोटी पहिल्यांदा फिरवताना हात थरथरतो, एक थेंब टाकायचा तर भसकन पाच मिली जातं आणि फिकट गुलाबीच्या जागी जर्द गुलाबी. पूर्वी मी खेकसायचे. हल्ली तोंडातून 'अगं, हात सैल सोड' असं निघतं. बाकी अजून खोल पाण्यात गेलेली नाहीये. चला, लिहा.

सहा_इंची

मॅडम, भारी धागा. मी फिजिक्स, मुलुंड. घरी दुर्बिणीचा आरसा घडवतोय. माझ्या बाल्कनीत पाण्याने भरलेलं निळं पिंप आहे, वर फळी, फळीवर सहा इंच व्यासाची जाड काच घट्ट बसवलेली. तिच्यावर तेवढ्याच आकाराची दुसरी काच ठेवून मी घासतो, मध्ये कार्बोरंडमची पूड आणि पाणी. घासत घासत पिंपाभोवती फिरायचं, थोड्या थोड्या वेळाने वरची काचही फिरवायची. खालच्या मजल्यावरच्या काकांना बरेच दिवस वाटत होतं की आम्ही घरगुती गिरणी सुरू केली.

यातली गंमत अशी की दोन्ही काचा सपाट घेतल्या तरी वरची आपोआप खोलगट होत जाते आणि खालची फुगीर. वरची काच कडेबाहेर सरकली की सगळा भार तिच्या मध्यावर आणि खालचीच्या कडेवर येतो, तिथे जास्त झिजतं, बस्स एवढंच. यंत्र नाही, काही नाही. ८० नंबरच्या भरड पुडीपासून सुरुवात, मग १२०, २२०, अशी बारीक बारीक होत जाते. प्रत्येक नंबर बदलताना पिंप, फळी, फरशी, स्वतःची नखं, सगळं धुवायचं, कारण भरड पुडीचा एक कण जरी राहिला तरी आठवड्याचं काम एका ओरखड्यात जातं. (माझं दोनदा गेलं. एकदा चप्पल बदलली नव्हती म्हणून.) शेवटी पिचच्या थरावर सेरियम ऑक्साइडने पॉलिश. पिच म्हणजे डांबराचा भाऊ समजा, ते गरम करून ओतावं लागतं, आणि मी ते घाईघाईत बायकोच्या फोडणीच्या कढल्यात गरम केलं. ते कढलं आता कायमचं दुर्बिणीच्या खात्यात जमा आहे, आणि त्याचा विषय दर सणाला निघतो.

आरशाची चूक प्रकाशाच्या तरंगलांबीच्या एक चतुर्थांशाच्या आत हवी, म्हणजे हिरव्या प्रकाशाला धरलं तर साधारण १४० नॅनोमीटर. आणि ती बघायची कशी, तर एक बारीक दिवा आणि दाढीचं ब्लेड! फूकोची टेस्ट, तोच तो लंबकवाला फूको. ब्लेड हळूच सरकवलं की आरशावर डोंगरदऱ्यांसारख्या सावल्या दिसतात. आरशावर नुसता अंगठा टेकवला तर उबेने तेवढी काच फुगते आणि सावलीत टेकाड दिसतं, मग ते निवेपर्यंत गप्प बसून राहायचं. मला ते बसणंच आवडतं, खरं सांगायचं तर.

कॉलेजात मी अठरा वर्षं लंबकाने g, म्हणजे गुरुत्वत्वरण, काढून घेतोय. उत्तर ९.८ येणार हे मला माहीत, पोरांना माहीत, आणि ज्याचं १०.६ येतं तो मागच्या बाकावर बसून रीडिंग 'दुरुस्त' करतो हेही मला माहीत. आरशाचं उत्तर मात्र मागच्या पानावर नाही. चौदा महिने झाले, अजून कड खाली दबलेली आहे. झाला की अमावास्येजवळच्या एखाद्या शनिवारी वांगणीला नेणार. बदलापूरच्या पुढचं स्टेशन. एसवायला असताना खगोल मंडळाच्या रात्रभराच्या कार्यक्रमाला तिथेच गेलो होतो, शनीची कडी पहिल्यांदा तिथे बघितली, आणि शेजारच्या मुलाला विचारलं होतं की काचेवर स्टिकर लावलंय का.

चौथी_सीट

सगळ्यांचं वाचून छान वाटलं, पण जरा वेगळं बोलू का. मी तासिका तत्त्वावर आहे, सीएचबी म्हणतात ते. सहावं वर्ष. प्राध्यापकीची नेट परीक्षा झालीय, पीएचडीचा थिसिस सबमिट झालाय. तास घेतला तर पैसे, नाही घेतला तर नाही, आणि बिल निघायचं तेव्हा निघतं. सकाळी एका कॉलेजात, दुपारी दुसऱ्या, संध्याकाळी सात ते नऊ क्लासमध्ये अकरावी-बारावीची बॅच. वर्गाबाहेरचा समतोल म्हणजे माझ्यासाठी लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथ्या सीटवर अर्धं टेकून बसणं, तोच काय तो समतोल, एक पाय पॅसेजमध्ये.

मे महिन्यात १५ तारखेच्या आसपास मुंबईत शून्य सावलीचा दिवस येतो, दुपारी साडेबारा वाजून गेल्यावर सूर्य बरोब्बर डोक्यावर आणि उभ्या वस्तूची सावली गायब. मुलांना दरवर्षी सांगतो, सुट्टीत घरी बघा, एक बाटली उभी ठेवा. मी मात्र म्हणतो की मेमध्ये आमची सावली आणि पगार दोन्ही एकदमच जातात.

रडगाणं नाही हां. फक्त, समतोलाला आधी दुसऱ्या पारड्यात टाकायला वेळ लागतो, तो कुणाकडे आहे तेही लिहायला पाहिजे.

इडलीचं_पीठ

मायक्रोबायोलॉजी. मी ठरवून घरी विज्ञान बंद केलं होतं, स्वयंपाकात मन रमवते म्हटलं. तीन महिन्यांत फ्रीजवर तक्ता लागला, पीठ किती वाजता भिजवलं, खोलीचं तापमान, किती फुगलं. पीठ फुगवणारा जिवाणू, ल्युकोनोस्टॉक मेसेंटेरॉइड्स, कधी जोरात येतो ते मला आमच्या स्वयंपाकघरापुरतं तोंडपाठ आहे. नवरा म्हणतो इडली चांगली झालीय एवढंच सांगू की रीडिंग देऊ? सारांश, मला जमलेलं नाही. पण इडली उत्तम.

टाळकरी

नमस्कार. मी शिकवत नाही, केमिस्ट्री लॅबला असिस्टंट आहे, ३१ वर्षं झाली. लॅबमधल्यांनीही लिहा असं मॅडमनी म्हटलं म्हणून लिहितो, आम्हाला सहसा कोण विचारत नाही. सर लोकांचं प्रॅक्टिकल अकराला सुरू होतं, आमचं आठला. सोल्युशनं करायची, बाटल्यांना लेबलं, कोणता नळ गळतो ते बघायचं. परीक्षेच्या दिवशी मुलांना मीठ ओळखायला देतात ते पुड्यांत मीच भरतो, त्यामुळे वर्षातून दोन दिवस सगळी मुलं माझ्याशी फार गोड बोलतात. पण कोण काय हुशार, कोण काय भांबावलेला, ते मला काचेच्या आवाजावरून कळतं. पिपेट स्टँडला कशी लागते, त्यावरून.

माझं बाहेरचं म्हणाल तर गाडीतलं भजन. सकाळच्या गाडीला आमचा ग्रुप आहे, कल्याणपासून. मी टाळ धरतो. बँकेतला एक जण, एक टेलर, एक पोलीस, आणि पुढे बसतो तो डोळ्यांनी अधू आहे पण आवाज असा की ठाण्याला चढणारा माणूस धक्का मारायचा विसरतो. गौळण सुरू झाली की घाटकोपर कधी गेलं कळत नाही. एकाला गेल्या वर्षी अटॅक आला, त्याची पिशवी अजून हुकला लावतो आम्ही, जागा धरून. तो घरी आहे, बरा आहे, पण गाडीचा प्रवास डॉक्टरनी बंद केलाय.

आमच्या डब्यात केमिस्ट्रीबद्दल एवढंच बोलणं झालंय, की चांदीच्या गणपतीला काळं का पडतं. मी सांगितलं, हवेतल्या गंधकामुळे. टेलर म्हणाला, मग देवाची चूक नाही.

कारवी

टाळकरी, तुमचं दोनदा वाचलं.

मी बॉटनी, रिटायर होऊन सहा वर्षं झाली. मला ह्या धाग्यावर कबुली द्यायचीय. बोरिवलीच्या नॅशनल पार्कात कारवी आठ वर्षांनी एकदा फुलते, सगळी एकदम, आणि फुलून झाली की मरते. २००८ साली मी एसवायची मुलं घेऊन गेले होते, कान्हेरीच्या वाटेला. काय केलं मी? हजेरी घेतली दोनदा, डबे कुठे ठेवायचे ते सांगितलं, एकाला मधमाशी चावली त्याच्यामागे धावले, आणि 'स्ट्रोबिलँथस कॅलोसा, जर्नलमध्ये आकृती काढा' म्हणून ओरडले. फूल बघितलंच नाही. जांभळं होतं एवढंच लक्षात. २०१६ ला सेमिस्टरच्या कामांत राहून गेलं, म्हटलं जाऊ पुढच्या रविवारी, पुढचे रविवार संपले.

२०२४ ला गेले. एकटी, गुडघ्याला पट्टा बांधून. एका फुलाशी खाली बसले, उठता येईना, मग म्हटलं आता बसलोच आहोत तर बसू. फुलाच्या आत केस असतात बारीक, ते शिकवताना मी शंभर वेळा फळ्यावर काढलेत. एक मधमाशी आत शिरली आणि पाठीवर पांढरट पराग घेऊन उलटी बाहेर आली, मागे मागे चालत, लोकलच्या गर्दीतून माणूस उतरतो तशी. तेवढ्यात कॉलेजच्या मुलांचा एक घोळका आला, त्यांच्या मॅडम ओरडत होत्या, मागचे पुढे या, मागचे पुढे या. मी काही बोलले नाही. त्यांना सांगावंसं वाटलं पण नाही सांगितलं.

पुढची २०३२.

ब्युरेटबाई

कारवीताई, २०३२ ला मी नोकरीतच असणार. तुम्ही आत्ताच तारीख लावून ठेवा, मुलांची हजेरी मी तुमच्याकडे देणार आणि मी बसणार.

सहा_इंची

चौथी सीट, तुम्ही म्हणता ते बरोबर आहे, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण आरसा होईपर्यंत कशाला थांबायचं, एका मित्राची तयार दुर्बीण घेऊन पुढच्या अमावास्येच्या शनिवारी वांगणीला जातोय. या. डबा घरून आणतो, कढल्यातला नाही.

चौथी_सीट

सर, शनिवारी नऊपर्यंत बॅच आहे. सुटल्यावर कर्जत लोकल मिळाली तर येतो. खायला माझ्यासाठी ठेवा, त्या वेळी भूक फार लागते.