लिनक्सच्या टॉपमध्ये (चालू प्रोसेस आणि सीपीयूचा भार दाखवणारी आज्ञा) ७० टक्के सीपीयू रिकामा, तरी कॅमेऱ्यांची पॅकेट गळतात. कर्नलचं, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचं, काम कोअरनिहाय कुठे बघायचं?

मिऱ्या_नेट
रत्नागिरीत जेटीवर १६ कॅमेरे, प्रत्येकी साधारण ६ मेगाबिट, आरटीपी यूडीपीवरून (हरवलेलं पॅकेट पुन्हा न पाठवणारी पद्धत). सगळे एका चार कोअरच्या एआरएम बोर्डावर येतात. तिथेच रेकॉर्डिंग होतं आणि वायरगार्डमधून (एन्क्रिप्ट केलेला व्हीपीएन) ऑफिसला प्रत जाते. डेबियन १२, कर्नल ६.१, नेटवर्क कार्डाला आरएक्सची, म्हणजे येणाऱ्या पॅकेटची, एकच रांग. पहाटे मासळी उतरायला लागली किंवा तिरका पाऊस आला की चित्राचे तुकडे पडतात. टॉपमध्ये कुठलीच प्रोसेस वर येत नाही. कर्नल आतल्या आत कुठल्या कोअरवर काय करतोय, ते कसं पाहायचं?

देवगड_टर्मिनल
पावसाच्या रेघांमुळे प्रत्येक फ्रेम बदलते, म्हणून व्हीबीआर (बदलत्या बिटरेटच्या) कॅमेऱ्याचा बिटरेट चढतो. गर्दीचंही तेच. तेव्हा मोजमाप त्याच वेळी घ्या, दुपारी शांततेत घेतलेल्या आकड्यांचा उपयोग नाही.

टॉपमध्ये १ दाबा, म्हणजे चार कोअर वेगळे दिसतील. ‘एसआय’ हा आकडा बघा, तो सॉफ्टआयआरक्यूत गेलेला वेळ. एकच कोअर पूर्ण भरला तरी चौघांच्या सरासरीत तो २५ टक्केच दिसतो, त्यामुळेच ७० टक्के रिकामं वाटतं.

प्रोसेसच्या यादीत नाव का नाही? कार्डाचा इंटरप्ट आला की ड्रायव्हर पॅकेट उचलण्याचं काम सॉफ्टआयआरक्यूवर (इंटरप्टचं मागे ठेवलेलं काम उरकणारी कर्नलची सोय) सोपवतो. ते इंटरप्टमधून बाहेर पडताना, त्याच कोअरवर, जी प्रोसेस चालू असेल तिला थांबवून उरकलं जातं. २ मिलिसेकंद उलटले, १० आवर्तनं झाली किंवा दुसऱ्या कुणाची पाळी आली आणि तरीही काम शिल्लक असलं, तरच ते केसॉफ्टआयआरक्यूडी/० या कोअर ० च्या कर्नल थ्रेडकडे जातं. म्हणजे तो थ्रेड यादीत वर दिसेपर्यंत कोअर आधीच भरलेला असतो. शिवाय तो साध्या प्राधान्याचा असतो, त्यामुळे रेकॉर्डर (रेकॉर्डिंगचा प्रोग्राम) त्याच कोअरवर असेल तर दोघांची ओढाताण होते.

आता ‘वॉच -एन १ -डी कॅट /प्रॉक/सॉफ्टआयआरक्यूज’ चालवा. स्तंभ म्हणजे कोअर. नेट_आरएक्स (आलेली पॅकेट उचलणं) ही ओळ फक्त पहिल्या स्तंभात पळत असेल तर जागा सापडली. मात्र हे आकडे किती वेळा काम झालं ते सांगतात, किती वेळ लागला ते नाही. वेळेसाठी ‘एमपीस्टॅट -पी ऑल १’.

मिऱ्या_नेट
आज पहाटे पाहिलं. कोअर ० वर एसआय ९० च्या वर, बाकी तिघांवर ५ सुद्धा नाही. नेट_आरएक्स सगळं कोअर ० वर. मग पॅकेट नेमकं कुठे पडतंय?

खाडीपल्याड
तीन जागा आहेत, तिन्ही वेगळ्या तपासा. कार्डाच्या रिंगमध्ये (आलेली पॅकेट आधी जिथे थांबतात): ‘ईथटूल -एस’ मधले ड्रॉप आणि मिस्ड. कर्नलच्या रांगेत: /प्रॉक/नेट/सॉफ्टनेट_स्टॅट, प्रत्येक कोअरची एक ओळ, आकडे हेक्समध्ये. दुसरा स्तंभ टाकून दिलेल्या पॅकेटचा. तिसरा वाढत असेल तर काम उरलेलं असतानाच एका फेरीचं बजेट संपतंय. नेटडेव्ह_बजेट मुळात ३०० पॅकेटचं असतं. सॉकेटमध्ये (रेकॉर्डर जिथून पॅकेट वाचतो): /प्रॉक/नेट/यूडीपी चा शेवटचा स्तंभ.

ही तिसरी जागा बहुतेक जण विसरतात. सॉकेटच्या बफरचा मूळ आकार, आरमेम_डीफॉल्ट, २,१२,९९२ बाइट असतो, पण हिशेब पॅकेटच्या लांबीचा नसून कर्नलने अडवलेल्या मेमरीचा होतो. त्यामुळे १४०० बाइटची पॅकेट अपेक्षेपेक्षा बरीच कमी मावतात आणि एखाद्या मोठ्या आय-फ्रेमचा (पूर्ण चित्र असलेल्या फ्रेमचा) लोंढा आला की सॉकेट भरतो. आरमेम_मॅक्स, म्हणजे बफरची कमाल मर्यादा, ४ एमबी करा, पण रेकॉर्डरने एसओ_आरसीव्हीबफने मोठा बफर मागितला नाही तर त्याचा काही फायदा नाही.

देवगड_टर्मिनल
सॉकेट मोठं केलं तरी कोअर ० मोकळा होणार नाही, तेव्हा हे आधी करा. एकच रांग आहे, म्हणून इंटरप्ट दुसऱ्या कोअरवर हलवला तर भार फक्त जागा बदलेल. आरपीएस (आलेल्या पॅकेटचं काम कोअरवर वाटणारी कर्नलची सोय) लावा: /सिस/क्लास/नेट/ईथ०/क्यूज/आरएक्स-०/आरपीएस_सीपीयूज मध्ये ई लिहा. कोअर १, २, ३ म्हणजे बायनरीत १११०, तोच हेक्सातला ई. वाटप प्रवाहाच्या हॅशवर (पत्ते आणि पोर्टवरून काढलेल्या आकड्यावर) होतं, त्यामुळे १६ कॅमेरे तीन कोअरवर पांगतील, पण अगदी समान नाही. एका कॅमेऱ्याचा प्रवाह एकाच कोअरवर राहतो, त्यामुळे क्रम बिघडत नाही. सॉफ्टनेट_स्टॅटचा दहावा स्तंभ कोअर १ ते ३ वर वाढू लागला की लागू झालं समजा. दुसरा स्तंभही पाहत राहा, कारण आता नेटडेव्ह_मॅक्स_बॅकलॉगची, म्हणजे कोअरच्या रांगेत थांबणाऱ्या पॅकेटची, १००० ची मर्यादा आडवी येऊ शकते.

वायरगार्डचं एन्क्रिप्शन के-वर्कर (कर्नलचे कामकरी थ्रेड) सगळ्या कोअरवर वाटून करतात, त्याला हात लावू नका. के-वर्करच्या नावात ० नंतर विसर्ग-चिन्हासारखा कोलन असेल तर तो कोअर ० ला बांधलेला, यू असेल तर मोकळा.

खाडीपल्याड
एवढं करूनही एखादी फेरी लांबत असेल तर /सिस/कर्नल/ट्रेसिंग मध्ये ट्रेसिंग_सीपीयूमास्कला १ (म्हणजे फक्त कोअर ०) लिहून इव्हेंट्स/आयआरक्यू मधले सॉफ्टआयआरक्यू_एंट्री आणि सॉफ्टआयआरक्यू_एक्झिट चालू करा, आणि १० सेकंदांनी बंद करा. पर_सीपीयू/सीपीयू०/ट्रेस मध्ये व्हेक=३ म्हणजे नेट_आरएक्स; दोन वेळांमधला फरक म्हणजे एका फेरीचा वेळ.

आणि स्केलिंग_कर_फ्रीक, म्हणजे कोअरची आत्ताची फ्रिक्वेन्सी, वाचा. जेटीवरच्या पत्र्याच्या पेटीत मे महिन्यात बोर्ड तापून फ्रिक्वेन्सी खाली आली, तर तेवढ्याच पॅकेटना जास्त टक्के लागतात आणि आरपीएसवर उगाच दोष येतो.

रीबूटनंतर आरपीएस पुसलं जातं. सिस्टमडीच्या वनशॉट युनिटमध्ये (सुरुवातीला एकदाच चालणाऱ्या) ती ओळ टाका आणि ईथ० तयार झाल्यावरच ते युनिट चालेल असं बांधा.