मदत हवी आहे: टीव्हीसाठीचे ट्रॅक एक्सक्लुझिव्ह लायब्ररीला द्यावेत का?

नमस्कार मंडळी,

मी पुण्यात असते, ११ वर्षं पार्श्वसंगीत करतेय. जाहिराती, माहितीपट, मालिका अशी कामं चालू असतात. २०१९ पासून त्या जोडीने लायब्ररीसाठी ट्रॅक करायला लागले. ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते: इथे कुणी मागणी करत नाही. आपण ट्रॅक तयार करून लायब्ररीकडे ठेवायचा, लायब्ररी तो वाहिन्यांना आणि कार्यक्रमांच्या एडिटरना ऐकवते, कुठे लागला तर पैसे. आज माझे असे ३८ ट्रॅक आहेत. त्यातले २२ अमेरिकेतल्या दोन नॉन-एक्सक्लुझिव्ह लायब्रऱ्यांकडे (म्हणजे तोच ट्रॅक दुसरीकडेही देता येतो) आहेत, तेच २२ दोन्हीकडे. उरलेले १६ अजून कुणालाच दिलेले नाहीत.

गेल्या आठवड्यात लंडनच्या एका लायब्ररीचा मेल आला. त्यांना १० ट्रॅकचा अल्बम हवाय, एक्सक्लुझिव्ह, म्हणजे ते ट्रॅक मग दुसऱ्या कुणाला देता येणार नाहीत. करार कायमचा, जगभरासाठी, कॉपीराइट त्यांच्या नावावर. प्रक्षेपणाच्या रॉयल्टीतला रायटर्स शेअर (संगीतकाराचा वाटा) पूर्ण माझा, पब्लिशर्स शेअर (प्रकाशकाचा वाटा) पूर्ण त्यांचा, सिंक फी (दृश्याला संगीत जोडायच्या परवान्याचे पैसे) आली तर निम्मी-निम्मी. आगाऊ रक्कम काही नाही. त्यांनी निवडलेल्या १० मधले ३ ट्रॅक त्या २२ मधले निघाले. १५ दिवसांत उत्तर द्यायचंय.

एक्सक्लुझिव्हकडे मन ओढलं जातंय ते गेल्या दिवाळीतल्या प्रकारामुळे. एका अमेरिकन रिअ‍ॅलिटी शोच्या एडिटरला माझा एकच ट्रॅक दोन्ही लायब्रऱ्यांनी पाठवला, अर्थात वेगवेगळ्या नावांनी. त्याने तो प्रसंगाला लावलाही होता. मग त्यांच्या संगीत विभागाच्या लक्षात आलं की एकाच आवाजावर दोन मालक हक्क सांगतायत, आणि ट्रॅक काढून टाकला. एका लायब्ररीने कळवलं म्हणून मला हे समजलं, दुसरीने तर कळवलंही नाही.

आणि कायमचा हा शब्द वाचला की हात थांबतो. त्या ३ पैकी दोन ट्रॅकमध्ये संबळ आहे. तुळजापूरकडचे एक गोंधळी काका आमच्या घरच्या गोंधळाला येतात, त्यांनीच वाजवलंय. माझ्या १० बाय १२च्या खोलीत, खिडकीला गाद्या लावून. संबळ कमरेला बांधून उभ्यानेच वाजवणार म्हणाले, म्हणून माइक खुर्चीवर खोकं ठेवून त्यावर चढवला होता. वाकड्या टोकाची काठी मोठ्या तोंडावर घासली की जी घुमारेदार गुरगुर निघते, लंडनच्या माणसाने मेलमध्ये नेमकं तिचंच कौतुक केलंय. काकांना मी त्या दिवशी पाकिटात पैसे दिले. कागद एकही केला नाही. आता करारात म्हटलंय की सगळ्या वादकांची लेखी संमती माझ्याकडे आहे अशी हमी मी द्यायची.

तर हे ३ ट्रॅक काढून घेऊन देता येतील का? कायमचा करार करावा का? आणि काकांच्या बाबतीत आता काय करणं योग्य ठरेल? मी आयपीआरएसची (संगीतकार-गीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी भारतातली संस्था) सभासद आहे. ज्यांनी असे करार केलेत त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद: न्यूजर्सीकर

ताई, ते ३ ट्रॅक या करारात घालू नका. माझं स्पष्ट मत.

दिवाळीत घडलं त्याला आमच्याकडे रीटायटलिंग म्हणतात. नॉन-एक्सक्लुझिव्ह लायब्ररी तुमच्याच ट्रॅकला नवं नाव देते आणि त्या नावाने रॉयल्टी गोळा करणाऱ्या सोसायटीकडे नोंदवते, म्हणजे त्या नावापुरता पब्लिशर्स शेअर तिला मिळतो. पूर्वी हिशेब फक्त क्यू शीटवर (कार्यक्रमात वाजलेल्या संगीताच्या यादीवर) चालायचा तेव्हा हे निभावून जायचं. क्यू शीटवर ट्रॅकचं नाव, संगीतकार, पब्लिशर, किती सेकंद वाजला आणि कसा वाजला एवढंच असतं. आता ट्यूनसॅट, साउंडमाउससारख्या यंत्रणा आवाजावरून ट्रॅक ओळखतात. त्यांना नाव दिसत नाही, तरंग दिसतो. एकाच तरंगाला तीन नावं सापडली की पैसे अडकतात आणि वाहिनी पुढच्या वेळी त्या वाटेला जात नाही.

तुम्ही नोटीस देऊन ट्रॅक काढून घेतलेत तरी आधी दिलेले परवाने बहुतेक करारांत चालूच राहतात. तो ट्रॅक एखाद्या जुन्या भागात वाजत असेल तर पुनःप्रक्षेपणात जुन्या नावानेच वाजत राहणार. लंडनला तुम्ही ‘हा ट्रॅक याआधी कुणालाही दिलेला नाही’ अशी सही कराल आणि सहा महिन्यांनी त्यांना तो दुसऱ्या नावाने सापडेल. असं करू नका. त्यांना आजच मेल लिहून खरं सांगा. लायब्ररीवाल्यांना हे रोज भेटतं, ते दुसरे ट्रॅक मागतील.

आणि तीच चाल पुन्हा वाजवून नवं नाव दिलं तर चालेल असंही समजू नका. रेकॉर्डिंग नवं होईल, रचना तीच राहील. संबळ हवाच असेल तर चाल नवी करा.

प्रतिसाद: तालमाला, नाशिक

मी उलट सांगेन. माझे ६० ट्रॅक नॉन-एक्सक्लुझिव्ह आहेत आणि मला पश्चात्ताप नाही. कंपन्यांच्या फिल्म, यूट्यूब, छोटे माहितीपट यांना कुणाची एक्सक्लुझिव्हिटी लागत नाही. सिंक फी थोडी असते पण लगेच मिळते. एक्सक्लुझिव्हवाल्यांनी ट्रॅक घेऊन नुसता पाडून ठेवला तर तुम्ही काय करणार? सगळी अंडी एका टोपलीत ठेवू नका. २२ आहेत तिथेच राहू द्या, फक्त दोनपैकी एका लायब्ररीतून काढून घ्या.

प्रतिसाद: न्यूजर्सीकर

तालमाला, शेवटचं वाक्य शंभर टक्के पटलं. नॉन-एक्सक्लुझिव्ह वाईट नाही, तोच ट्रॅक दोघांकडून एकाच एडिटरपर्यंत जाणं वाईट. पण ताईंचा प्रश्न टीव्हीचा आहे. ब्रिटनमध्ये लायब्ररी संगीताची पद्धतच एक्सक्लुझिव्ह. लंडनची डी वुल्फ १९०९ची, मूकपटांच्या काळातली. तिथे लायब्ररी संगीताचे परवाने एमसीपीएस या तिथल्या परवाना-संस्थेच्या ठरलेल्या दरपत्रकावर जातात, निम्मी-निम्मी वाटणी रूढ आहे. म्हणजे ताईंना आलेला प्रस्ताव लुबाडणुकीचा नाही, नेहमीचा आहे. प्रक्षेपणाचा रायटर्स शेअर तिकडची पीआरएस ही रॉयल्टी-संस्था गोळा करून आयपीआरएसकडे पाठवेल. त्यासाठी तुमचा आयपीआय क्रमांक (संगीतकाराचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) त्यांच्या नोंदणीत बिनचूक हवा. एक आकडा चुकला तर पैसे दुसरीकडेच पडून राहतात. आणि घाई करू नका, वाजल्यापासून हातात यायला वर्ष सहज जातं.

रायटर्स शेअर मात्र कुणालाही सोडू नका. डिस्कव्हरीने डिसेंबर २०१९मध्ये संगीतकारांना अमेरिकेतल्या प्रक्षेपणाच्या रॉयल्टीवर पाणी सोडायला सांगितलं होतं. संगीतकारांनी एवढा आवाज उठवला की काही आठवड्यांत त्यांना माघार घ्यावी लागली. टीव्हीच्या बऱ्याच कार्यक्रमांत सिंक फी शून्य असते, हाच शेअर आपली भाकरी असतो.

अमेरिकन लायब्रऱ्यांकडे डब्ल्यू-८बेन (अमेरिकेबाहेरच्यांसाठीचा तिथला करफॉर्म) भरलाय ना? नसेल तर ३० टक्के कर कापला जातो, भरला तर भारताशी असलेल्या करारामुळे १५.

प्रतिसाद: कागदपत्र

वकिली करतो, म्हणून कराराबद्दल. आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९मध्ये मुदत लिहिली नसेल तर ५ वर्षं आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत धरतात. पण तुमच्या करारात दोन्ही लिहिलंय, कायमचं आणि जगभर, त्यामुळे त्याचा आधार नाही. त्याच कलमात असंही आहे की घेणाऱ्याने एका वर्षात हक्क वापरलाच नाही तर तो परत येतो, करारात वेगळं ठरलं नसेल तर. २०१२च्या दुरुस्तीनंतर कलम १८प्रमाणे संगीतकाराला आपला रॉयल्टीचा समान हिस्सा सोडून देता येत नाही. हे सगळं मोलाचं आहे, पण करार इंग्लंडच्या कायद्याखाली असेल तर यावर विसंबू नका, हवं ते करारातच लिहून घ्या.

लिहून घ्यायची मुख्य गोष्ट: ठराविक वर्षांत ट्रॅक कुठेच लागला नाही तर हक्क परत. तीन म्हणा, ते पाच म्हणतील, पाचला थांबा. लायब्ररी विकली गेली किंवा बुडाली तर काय, तेही विचारा.

काकांचा कागद आधी, बाकीचं नंतर. वादकाला आपल्या वादनावर ५० वर्षं हक्क असतो. संमतीपत्र मराठीत करा, त्यांना वाचून दाखवा, ट्रॅक जगभर टीव्हीवर वाजेल आणि त्यातून तुम्हाला पैसे मिळतील हे स्पष्ट लिहा. नुसत्या इंग्रजी फॉर्मवर सही घेऊ नका.

प्रतिसाद: खर्ज

एक मुद्दा राहतोय म्हणून लिहितो. लायब्ररी स्टेम्स मागेल, म्हणजे प्रत्येक वाद्य सुटं. सुट्या संबळाचा स्टेम त्यांनी यूट्यूबच्या कंटेंट आयडीमध्ये (आवाज ओळखून हक्काचा दावा लावणारी यंत्रणा) टाकला तर उद्या गोंधळाच्या दुसऱ्याच कुणाच्या व्हिडिओवर दावा लागू शकतो, कदाचित काकांच्या स्वतःच्या व्हिडिओवरही. संबळाचे ठेके पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेत, ते कुणाच्या अल्बमचे नाहीत. सुटा संबळ कंटेंट आयडीत टाकायचा नाही, एवढं वाक्य करारात घालाच. चाल पारंपरिक असेल तर नोंदणीतही ‘पारंपरिक, मांडणी अमुक’ असंच जाऊ द्या.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. चार दिवसांत काय काय झालं ते लिहिते.

लंडनला ३ ट्रॅकचं खरं सांगितलं. त्यांचं उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं, अगदी साधं: ते वगळू, १६ मधले ७ घेऊ, ३ नवीन करून द्या, त्यात संबळ हवाच. हक्क परत मिळण्यासाठी ५ वर्षं मान्य केली. कंटेंट आयडीबद्दलचं वाक्यही घालतायत. खर्ज, हे तुमच्यामुळे सुचलं. दोनपैकी एका अमेरिकन लायब्ररीला २२ ट्रॅक काढून घ्यायची नोटीस दिली, ९० दिवसांची मुदत आहे. डब्ल्यू-८बेन दोन्हीकडे भरलेला आहे.

काकांना फोन केला. आधीच्या ट्रॅकबद्दल सगळं सांगितलं, कागद राहिला हेही. त्यांनी पैशांचं विचारलं नाही. म्हणाले, “त्यावर माझं नाव कुठं येतं?” मला उत्तर देता आलं नाही. नव्या ट्रॅकमध्ये ठेके त्यांनीच बांधायचे असं ठरलंय. मग त्यांना नुसतं वादक म्हणून नोंदवावं की रायटर्स शेअरमध्ये घेता येईल?

प्रतिसाद: न्यूजर्सीकर

घेता येईल, आणि घ्याच. ठेका ते बांधणार असतील तर ते सहरचनाकार झाले. टक्केवारी रेकॉर्डिंगच्या आधी कागदावर लिहा. मग क्यू शीटवर तुमच्या नावाखाली त्यांचं नाव येईल, प्रत्येक देशात, प्रत्येक वेळी. फक्त त्यांना स्वतःला आयपीआरएसचं सभासद व्हावं लागेल, नाहीतर त्यांचा वाटा कुणाकडे पाठवायचा हेच पीआरएसला कळणार नाही. पॅन आणि बँक खातं लागेल.

धागाकर्ती

दोन्ही आहे, आत्ताच विचारलं. रविवारी पहाटेच्या गाडीने तुळजापूरला जाते. वकीलसाहेब, संमतीपत्राचा मराठी मसुदा शनिवारपर्यंत इथे टाकते, एकदा नजर टाकाल का?