गरिबी आणि येशू: कुठली चित्रं-शिल्पं बघावीत?

रंगरेषा: शिल्पकार टिमोथी श्मॉल्झचं 'होमलेस जीझस' (बेघर येशू, २०१३) हे शिल्प कोणी प्रत्यक्ष बघितलंय का? बाकावर अंगभर पांघरूण घेऊन एक माणूस झोपलाय, तोंड झाकलेलं, नुसते पाय उघडे आणि त्यांवर खिळ्यांच्या जखमा. पायाशी एक जण बसेल एवढी जागा मोकळी ठेवलीय. अमेरिकेत डेव्हिडसनला बसवलं तेव्हा एका बाईने खराच बेघर माणूस समजून पोलिसांना फोन केला होता. मी फोटोच बघितला तरी दोन दिवस डोक्यातून जात नाहीये. अशी अजून कामं सांगा ना, दानधर्माची गोड गोड चित्रं नकोत.

कोळसाकागद: पायांवरूनच आठवलं, जुना इटालियन चित्रकार काराव्हाज्जो बघ. रोमच्या सांत अगोस्तिनो चर्चमध्ये त्याचं 'मॅडोना ऑफ लोरेटो' आहे, दोन गरीब यात्रेकरू मरियेपुढे गुडघे टेकून बसलेत आणि त्यातल्या माणसाचे मळके तळवे सरळ आपल्या तोंडासमोर येतात. वेदीवरच्या चित्रात असलं काही म्हटल्यावर तेव्हा गलका झालाच. 'मरियेचा मृत्यू' तर ज्यांच्या चर्चसाठी काढलं त्यांनीच नाकारलं, कारण मरिया स्वर्गात जातेय असं वाटतच नाही, गरिबाघरची बाई मेलीय, अंग सुजलंय, पाय उघडे. मग चित्रकार रुबेन्सने सांगितलं म्हणून इटलीतल्या मांतुआच्या ड्यूकने विकत घेतलं, आता पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे.

मोरपीस: चित्रं थोरच आहेत, पण मला एक खटकतं. पैसे देणारे श्रीमंत, आणि गरीब फक्त रंगवून घ्यायला. म्हणून मला फ्रिट्झ आयशेनबर्गचं 'क्राइस्ट ऑफ द ब्रेडलाइन्स' (१९५०) जास्त जवळचं वाटतं. लाकडावर कोरून छापलेलं काळंपांढरं काम, त्यात येशू पाव वाटत नाहीये, पाव घ्यायला रांगेत उभाय. आयशेनबर्ग गरिबांसाठी काम करणाऱ्या अमेरिकेतल्या चळवळीच्या 'कॅथलिक वर्कर' या पेपरसाठी कामं करायचा, तो पेपर एका सेंटला मिळायचा, म्हणजे रांगेतल्या माणसालाही परवडेल असा.

रंगरेषा: रांगेत उभाय हे वाचूनच काटा आला. आजच शोधते.

कोळसाकागद: मोरपीस, मुद्दा पटला. मग व्हॅन गॉग घ्यायलाच हवा, तो बेल्जियमच्या बोरिनाजमध्ये कोळसा खाणकामगारांत धर्मप्रचारक होता, कपडे वाटून टाकले, गवतावर झोपायला लागला, आणि हे अति होतंय म्हणून १८७९ मध्ये वरच्यांनी त्याला कामावर ठेवलंच नाही. पुढच्या वर्षी त्याने चित्रकार व्हायचं ठरवलं. १८८५ चं 'बटाटे खाणारे' मोठं करून बघ, वर डावीकडे घड्याळाशेजारी क्रूसावरच्या येशूचं छोटं चित्र टांगलंय.