मदत हवी आहे: एचओ मॉडेल रेल्वेच्या लेआउटवर पावसाळ्यातलं कोकणी स्टेशन कसं उभं करावं?

साइडिंग

नमस्कार मंडळी,

सहा बाय चार फुटांच्या प्लायवर एचओचा (म्हणजे खऱ्याच्या १:८७ मापातल्या मॉडेल रेल्वेचा) ओव्हल, एक लूप आणि एक साइडिंग (बाजूचा जादा रूळ) एवढं झालंय. वायरिंग झालं, गाड्या विनातक्रार पळतात. आता प्लाय झाकायचाय आणि तिथेच घोडं अडलंय.

डोक्यात आहे ते असं: रत्नागिरी आणि कणकवलीच्या मधलं एखादं काल्पनिक छोटं स्टेशन, जुलै महिना, डिझेलचा काळ. कोकण रेल्वेचं विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण झालं. त्याआधीचा काळ घेतला की ओव्हरहेड वायरचे खांब उभारायला नकोत (आळशीपणा म्हणा हवं तर). एका कोपऱ्यात कटिंग (डोंगर कापून केलेली रुळाची वाट) आणि बोगद्याचं तोंड, स्टेशनमागे दोनतीन कौलारू घरं, भातखाचरं, माड.

पण बाजारात घरांची किट्स बघावीत तर सगळी जर्मन खेडी. लाकडी पट्ट्यांच्या भिंती, चर्चचा मनोरा, सूचिपर्णी झाडं. त्यापुढे देवनागरीतली पिवळी पाटी ठोकली तर स्टेशनमास्तरच राजीनामा देईल. यूट्यूबवरही आल्प्स सोडून कोणी खाली उतरत नाही.

तर कौलं आणि चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंती घरच्या घरी कशा करायच्या? डोंगर थर्मोकोलचा की पीओपीचा? गावाहून लाल माती आणून सरळ पसरली तर चालेल का? आणि आमच्या डोंबिवलीच्या घरात पावसाळ्यात भिंतींना ओल येते, तिचं काय? महिन्याला दीडदोन हजारांच्या वर खर्च करायचा नाहीये.

घाटमाथा

डोंगरापासून सुरुवात करा, घरं नंतर. डोंगर चुकला की त्यावर काहीही ठेवा, स्वित्झर्लंडच दिसणार.

सह्याद्रीचा बेसॉल्ट आडव्या थरांचा. उभा कडा, मग गवताची पट्टी, पुन्हा कडा, आणि माथा बहुतेक वेळा सपाट. त्यामुळे आपल्याला उलट सोपं आहे. एक्सपीएस फोमचे (थर्मोकोलपेक्षा घट्ट, कडक) तक्ते आडवे एकावर एक चिकटवा, प्रत्येक थर थोडा आत घ्या आणि कडा चाकूने तासण्याऐवजी हाताने मोडा. मोडलेली कड कातळासारखी दिसते. वॉटरप्रूफिंगचं सामान विकणाऱ्यांकडे हा फोम मिळतो. साधं थर्मोकोल कापताना घरभर गोळ्या होतात, आणि सजावटीच्या थर्मोकोलवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे. टीव्ही-फ्रिजच्या खोक्यातलं पडून असेल तर आतल्या भरावाला वापरा.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: फोम असो की थर्मोकोल, त्यावर डब्यातला स्प्रे पेंट थेट मारायचा नाही. त्यातलं सॉल्व्हंट फोम खातं. आधी पातळ पीओपी किंवा फेव्हिकॉल-पाण्याचा हात, मग अॅक्रिलिक.

तुमचं स्टेशन मात्र घाटात नाही, खाली आहे. तिथल्या कटिंगमध्ये वर जांभा आणि त्याखाली पिवळट-गुलाबी चिकण माती दिसते. कटिंग एकाच विटकरी रंगाने रंगवू नका. आणि दरडीसाठी लावलेली जाळी विसरू नका! ओढणीच्या नेटचा तुकडा करड्या रंगात बुडवून उतारावर ताणून बसवा. एवढ्यानेच कोकण रेल्वे ओळखू येते.

रुळावरून

कोकण करताय तर कोकण रेल्वेचा पानवलचा उंच पूल हवाच!

साइडिंग

@रुळावरून, पानवलचा पूल ६४ मीटर उंच आणि ४२४ मीटर लांब. ८७ने भागलं तर उंची पाऊण मीटरच्या आसपास आणि लांबी जवळजवळ पाच मीटर. शेजाऱ्यांची भिंत फोडायला ते तयार असतील तर विचार करतो.

चिरेबंदी

घरांबद्दल सांगते. किट विसरा. आर्किटेक्चरची मुलं मॉडेलला वापरतात तो सनबोर्ड आणि माउंट बोर्ड आणा.

आधी माप. १:८७ मध्ये दार २३ मिमी उंच, माणूस २० मिमीच्या आत. चिरा साधारण सव्वा फुटाचा धरला तर साडेचार मिमी लांब. सनबोर्डवरचा वरचा कागद (असेल तर) काढा, बोथट पेन्सिलीने चिऱ्यांच्या रेघा ओढा, मग अॅल्युमिनियम फॉइलचा चुरगळलेला बोळा दाबत फिरवा. जांभ्याची ती भोकंभोकं आपोआप उमटतात. रंग गेरूसारखा, वरून पातळ काळपट पाणी फिरवून लगेच फडक्याने टिपा. काळं फक्त भोकांत आणि सांध्यांत राहतं.

कौलांसाठी बारीक नाळ्यांचा कोरुगेटेड कागद घ्या. मोठ्या खोक्याच्या पुठ्ठ्याच्या नाळ्या या मापाला फार जाड. नाळ्यांना आडव्या चार मिमी रुंद पट्ट्या कापा आणि पागोळीकडून आढ्याकडे एकावर एक थोड्या चढवत चिकटवा. अख्खा तक्ता एकदम चिकटवलात तर पत्र्याचं छप्पर दिसेल. जुलैतली कौलं लाल नसतात. तपकिरी-काळी, उत्तरेच्या उतारावर शेवाळी हिरवट, आणि मधूनच चारपाच नवी केशरी, कारण मे महिन्यात शाकारणी झालेली असते. ओएचपी शीटचा (पारदर्शक प्लास्टिकचा) एक बारका तुकडा काचेचं कौल म्हणून बसवा. आत पिवळा एलईडी टाकलात तर संध्याकाळी तेवढाच उजळतो.

जोतं उंच, पडवीचं छप्पर खूप खाली उतरलेलं, पुढे तुळशीवृंदावन, आणि पडवीला पावसाच्या बाजूने निळी ताडपत्री. ताडपत्रीशिवाय जुलै महिना पटत नाही मला.

माडाला फुलांच्या दुकानातली तार मास्किंग टेप गुंडाळून, झावळ्या कागदाच्या, दोन्ही बाजूंनी कात्रीने झालर कापलेल्या. पंधरा मीटरचा माड म्हणजे १७ सेंमी, लोक हमखास बुटका करतात. पोफळीला खराट्याचा हीर आहे तसा चालतो. बाकी झाडांना तुळशीच्या वाळलेल्या काड्या, इतक्या बारीक फांद्या विकतसुद्धा मिळत नाहीत.

फिशप्लेट

लाल मातीबद्दल कोणी बोललं नाही म्हणून. आणा जरूर, पण आधी तव्यावर कोरडी भाजून घ्या, चहाच्या गाळणीने चाळा आणि कागदावर पसरून खालून-वरून चुंबक फिरवा. त्या मातीत लोह भरपूर, त्यातले काही कण चुंबकाला चिकटतात. तेच उद्या इंजिनाच्या मोटरमध्ये जाऊन बसतील. रुळाच्या अगदी लगत तर माती नकोच, तिथे खडी.

खडीला लोक रवा सुचवतात. मुंग्यांना जेवण घालायचं असेल तर घाला. ६५ मिमीची खरी खडी या मापात पाऊण मिमीची होते, तेव्हा क्रशरची बारीक कच चाळून घ्या. आपल्याकडची खडी काळ्या दगडाची, विकतची फिकट पांढुरकी असते. कोरडी पसरून, ब्रशने स्लीपरवरून झाडून, सर्जिकल स्पिरिटचा फवारा, मग फेव्हिकॉल आणि पाणी निम्मंनिम्मं ड्रॉपरने. स्पिरिटने गोंद आत मुरतो, नाहीतर थेंब वरच गोळा होऊन खडी उचलतो. पॉइंटच्या (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते त्या जागेच्या) हलत्या भागाजवळ गोंद अजिबात नको.

बुरशी: चहाचा चोथा, लाकडाचा भुसा, सुकं गवत, सगळं कडक वाळवूनच वापरा. कागदाच्या लगद्यासाठी खळ करणार असाल तर बाइंडर लोक घालतात तसं चिमूटभर मोरचूद (कॉपर सल्फेट) घाला. विषारी आहे, हातमोजे घाला आणि घरात लहान मूल असेल तर हा उद्योग नकोच.

मापाचा माणूस

१६.५ मिमीचा ट्रॅक स्टँडर्ड गेजचा असतो (गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर). आपला ब्रॉडगेज १६७६ मिमी, म्हणजे एचओमध्ये १९.३ मिमी हवा. तुमचं सगळंच चुकलंय.

फिशप्लेट

झालं सुरू. दोन फुटांवरून कोणाला दिसतंय?

साइडिंग

सगळ्यांचे आभार, @चिरेबंदी ताई तुमचे विशेष. तक्ते आणायला उद्याच जातो. आणखी दोन शंका. प्लॅटफॉर्म किती उंच आणि रुळापासून किती लांब ठेवू? वळणाची त्रिज्या ४३८ मिमी आहे आणि पुढे एलएचबी (नव्या प्रकारचे लांब) डबे घ्यायचा विचार आहे. आणि भातखाचरातलं पाणी कशाने करू?

घाटमाथा

उंच प्लॅटफॉर्म जास्तीत जास्त ८४० मिमीचा, म्हणजे रुळाच्या माथ्यापासून साडेनऊ मिमी. पण छोट्या स्टेशनवर तुम्ही खालचा प्लॅटफॉर्मही दाखवू शकता, शोभतो.

अंतर पुस्तकातून काढू नका. एलएचबी डबा या मापात २७ सेंमी, एवढ्या आवळलेल्या वळणावर मधला भाग आत आणि टोकं बाहेर भरपूर झुकतात. तुमच्याकडचा सगळ्यात लांब डबा घ्या (नसेल तर त्या लांबीची पट्टी बोगींवर, म्हणजे डब्याखालच्या चाकांच्या जोडांवर बसवा), मधोमध आणि कोपऱ्यावर पेन्सिल चिकटवा आणि हाताने ढकलत अख्खी फेरी मारा. प्लायवर उमटलेल्या रेघांच्या तीन मिमी बाहेर प्लॅटफॉर्म, बोगद्याचं तोंड आणि जाळीची कटिंग. हे सगळं चिकटवण्याआधी.

चिरेबंदी

पाण्याला रेझिन नको, महाग पडेल आणि दमट हवेत धुरकट होतं. खाचराचा तळ गडद तपकिरी रंगवा, त्यावर ग्लॉस वार्निशचे तीनचार पातळ हात, प्रत्येक हात पूर्ण वाळू द्या. रोपं शेवटच्या ओल्या हातात रोवायची: काथ्याचे हिरवे रंगवलेले तुकडे, विरळ, ओळीत. एक कोपरा तरव्याचा (लावणीआधीच्या रोपांचा) ठेवा, तो दाट आणि पोपटी. स्टॅटिक ग्रास (मॉडेलसाठीचं नकली गवत) एकाच पाकिटातलं वापरू नका, दोन हिरवे आणि थोडं पिवळं मिसळा, बांधावर चार मिमीचं, बाकी दोन.

साइडिंग

समजलं. आधी पेन्सिलवाली फेरी, मग फोम. कटिंगचा फोटो इथेच टाकतो.