‘एसे’ म्हणजे निबंध नव्हे: स्कॉटिश वंशावळीतले अडलेले शब्द

कोथरूडकर

माझी सून स्कॉटलंडमधल्या डंडीची. तिच्या आजीने आयुष्यभर चर्चची आणि कारागिरांच्या संघांची दप्तरं चाळून घराण्याची वंशावळ जमवली. नात आता मराठी वाचायला लागली आहे, म्हणून मी ते बाड मराठीत उतरवायला घेतलं. पहिली चार पानं घरच्यांना वाचून दाखवली आणि फजिती झाली. एका पूर्वजाबद्दल मी लिहिलं होतं, ‘याने निबंध सादर केल्यावर त्याला चांभारांच्या संघात घेतलं.’ धाकटे दीर म्हणाले, “वहिनी, जोडे शिवायला निबंध कशाला?” मूळ शब्द ‘एसे’ आहे आणि माझ्याकडच्या शब्दकोशात त्याला निबंधच दिलाय.

शिवाय ‘चांभार’ ऐकून दोघीजणी एकदम गप्प झाल्या, ते वेगळंच. मूळ शब्द ‘कॉर्डिनर’. त्याच पानावर ‘डीकन’, ‘रायटर’, ‘नॅचरल सन’, ‘उमव्हाइल’ आणि ‘रिलिक्ट’ आहेत. आणि अर्थात ‘पॅरिश’, ज्याला मी आत्तापर्यंत तीन वेगवेगळे शब्द वापरून झाले. नोंदी १७४० ते १८५० च्या आसपासच्या आहेत. मदत करा.

थंडप्रदेश

अ‍ॅबर्डीनला राहतो, त्यामुळे हा विषय रोजच्या वाटेवरचा. एसेचं आधी सांगतो. स्कॉटलंडच्या शहरांत धंदेवाल्यांचे संघ होते. डंडीत नऊ: बेकर, जोडेवाले, हातमोजेवाले, शिंपी, टोपीवाले, खाटीक, धातुकाम करणारे, विणकर, रंगारी. अ‍ॅबर्डीनला सात, ग्लासगोला चौदा. शिकाऊ उमेदवारी संपली की संघात येण्यासाठी स्वतःच्या हाताने एक नग करून दाखवावा लागे. जोडेवाल्याने जोडा, लोहाराने कुलूप वगैरे. त्या नगाला ‘एसे’ म्हणत. एसे म्हणजे मुळात ‘कस लावणं, अजमावणं’. निबंध हा अर्थ त्याच शब्दाला नंतर फुटलेला. तुमच्या पूर्वजाने लिहिलं काहीच नाही, जोडा शिवून दाखवला.

मराठीत ‘परीक्षेचा नग’ म्हणा. ‘कसोटीचा नग’ त्याहून बरं वाटतं.

वसईकर

आणि ‘डीकन’ला चर्चमध्ये नेऊ नका! आम्हा कॅथलिकांत डीकन म्हणजे धर्मगुरू होण्याआधीची पायरी, म्हणून आधी मीही फसले असते. पण संघाच्या वहीतला डीकन म्हणजे त्या संघाचा निवडून दिलेला प्रमुख. कॉर्डिनरांचा डीकन उपासना चालवत नव्हता, तो नवख्याचा जोडा उलटसुलट करून टाका बघत होता.

मोडीवाचक

डीकनला आपल्याकडचा जवळचा शब्द म्हेत्रे. पेशवाईच्या कागदांत एकेका धंद्याच्या प्रमुखाला तो लावलेला दिसतो आणि पुढे तो आडनाव झाला. पण म्हेतरकी वतनासारखी वंशपरंपरेने चाले, डीकन निवडला जाई. म्हणून ‘संघाचा प्रमुख’ एवढंच लिहावं हे बरं.

‘संघ’ शब्दही ठीकच. ‘बलुतेदार’ मात्र कृपा करून नको. बलुतेदार गावाचा असतो, सुगीला धान्याचा वाटा घेतो. हे लोक शहराचे, रोख पैशाने विकणारे, बाहेरच्याला धंदा करू न देणारे. आपल्याकडे याला जवळचं काही शोधायचं तर फार मागे जावं लागेल. नाशिकच्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने गोवर्धनच्या विणकरांच्या दोन निकायांकडे तीन हजार कार्षापण (तेव्हाची नाणी) ठेवले होते, एकाकडे दोन हजार, दुसऱ्याकडे एक हजार. तो ‘निकाय’ किंवा ‘श्रेणी’ म्हणजेच हा संघ. पण आज नातीला ‘श्रेणी’ म्हटलं तर तिला परीक्षेतली अ श्रेणी आठवेल.

कोथरूडकर

एसे सुटला, धन्यवाद. आता कॉर्डिनर. मोची, चर्मकार की चांभार?

मोडीवाचक

कॉर्डिनर म्हणजे चामड्याचे जोडे करणारा, शब्द स्पेनमधल्या कॉर्दोबाच्या चामड्यावरून आलेला. अर्थाने चांभारच. गप्प झालेल्यांनी गप्प व्हावं, शब्दाचा काय दोष?

थंडप्रदेश

इथे माझं मत थोडं वेगळं आहे. दोष शब्दाचा नाही हे खरं, पण ‘चांभार’ म्हटल्यावर मराठी वाचणारा जात वाचतो, आणि जात म्हटली की ‘याचा बापही तेच, मुलगाही तेच’ असं धरून चालतो. वंशावळीत हेच धरणं घात करतं. तिकडे बाप कॉर्डिनर, थोरला मुलगा विणकर, धाकटा खाटीक असं सर्रास सापडतं. धंदा बदलला म्हणून ‘हा आपला नव्हे’ असं समजून माणूस गाळला की अख्खी फांदी गेली.

अर्थात धंदा अगदी मोकळाही नव्हता. शहराचा ‘बर्जेस’ म्हणजे धंद्याचा हक्क असलेला नागरिक व्हायचं तर बर्जेसच्या मुलाला आणि जावयाला सवलत असे. म्हणूनच यादीत ‘वडिलांच्या हक्काने’ किंवा ‘अमक्याच्या मुलीशी लग्न केल्याने’ असं लिहिलेलं सापडतं. डंडीची ‘लॉकिट बुक’ नावाची यादी १५१३ पासूनची आहे. वंश शोधणाऱ्याला ही जावयाची नोंद म्हणजे घबाड, कारण एका ओळीत सासरा, मुलगी आणि जावई तिघं सापडतात. चर्चची वही जिथे कोरी असते तिथे तर हीच कामाला येते.

कोथरूडकर

चर्चची वही कोरी का असेल?

थंडप्रदेश

कारणं पुष्कळ. उंदीर, आग, आळशी कारकून. पण एक कारण सरकारी. १७८३ मध्ये बाप्तिस्मा, लग्न, दफन अशा प्रत्येक नोंदीवर तीन पेन्सचा कर बसला. गरिबांनी नोंदच टाळली. कर १७९४ मध्ये उठला, पण तेवढ्या वर्षांची भोकं राहिली ती राहिलीच. शिवाय या वह्या स्थापित, म्हणजे राज्यमान्य चर्चच्या. त्यातून फुटून निघालेल्यांची मुलं तिथे सापडतीलच असं नाही. १८४३ ची मोठी फूट तर आपल्या मुंबईपर्यंत पोचली. विल्सन कॉलेजचे जॉन विल्सन तेव्हा नव्या फ्री चर्चकडे गेले आणि जुनी संस्था सोडून त्यांनी दुसरी उभारली.

सरकारी नोंदणी १ जानेवारी १८५५ पासून. जन्माचा दाखला नेमका १८५५ चाच असेल तर नशीब थोर! त्या एका वर्षी त्यात आईवडिलांचं वय, जन्मगाव, लग्नाची तारीख, आधीची भावंडं असं सगळं विचारलं होतं. कारकून बहुधा वैतागले असावेत, पुढच्या वर्षी तपशील कापले.

वसईकर

पॅरिशचं मी बोलते. आमच्याकडे पॅरिशला, म्हणजे एका चर्चच्या हद्दीला, ‘धर्मग्राम’ म्हणतात आणि तो चांगला शब्द आहे. पण तुमच्या कामाला अर्धाच बसेल. धर्मग्रामांच्या वर बिशप असतो. स्कॉटलंडचं किर्क, म्हणजे तिथलं स्थापित चर्च, १६९० पासून बिशपाशिवाय चाललंय. शिवाय पॅरिश हा त्यांचा कारभाराचाही तुकडा होता, १८४५ पर्यंत गरिबांना मदत देण्याचं कामही त्याच्याकडेच असे. तिथला पाळक आणि निवडलेले वडील मिळून ‘किर्क सेशन’ होई. वडील म्हणजे इथे बाबा नव्हेत बरं का, मराठी प्रॉटेस्टंट मंडळीत चर्चच्या पुढाऱ्यांना वडीलच म्हणतात. नातीला तेवढं सांगून ठेवा, नाहीतर सतरा वडिलांनी मिळून एका मुलीची चौकशी केली असं वाचून ती घाबरेल.

मी ‘पॅरिश’ तसाच ठेवेन आणि ‘पॅरिशची नोंदवही’ म्हणेन. ‘परगणा’ नको, तो फार मोठा होतो.

आणखी एक. त्या वह्यांत बाप्तिस्म्याची तारीख असते. सोबत जन्मतारीख असेल तर उत्तम, नसेल तर बाप्तिस्म्याच्या तारखेला जन्म लिहू नका. लग्नाचंही तसंच. बऱ्याचदा नोंद असते ती रविवारी चर्चमध्ये केलेल्या घोषणेची. घोषणा म्हणजे लग्न नव्हे! आणि वरवधू वेगवेगळ्या पॅरिशचे असतील तर दोन्हीकडे घोषणा होई, म्हणून एकच लग्न दोनदा दिसतं.

कोथरूडकर

अरे देवा. मी एकाच जोडप्याचं दोनदा लग्न लावून ठेवलंय.

मोडीवाचक

काही हरकत नाही ताई, पहिल्यांदा साखरपुडा झाला असं समजा.

आता माझ्या आवडीचं. ‘उमव्हाइल’ म्हणजे नोंद लिहिताना हयात नसलेला. कोणी ‘कै.’ सुचवेल. पण कै. आदराने लावतात, आणि कैलासाला गेलेल्यांनाच लावतात, प्रेस्बिटेरियन माणूस कैलासात कुठे गेला? उमव्हाइल हा कोरडा दप्तरी शब्द आहे. आपल्या फेरफाराच्या वहीत ‘मयत’ असतं ना, अगदी तोच. ‘रिलिक्ट’ म्हणजे विधवा, तीही अशीच कोरडी.

बायकांच्या नावांकडे लक्ष द्या. स्कॉटलंडच्या जुन्या नोंदींत लग्नानंतरही बाई माहेरच्या आडनावाने येते. आपल्या जुन्या कागदांत ‘काशीबाई कोम बाळाजी’ किंवा ‘जोजे बाळाजी’ असायचं, तिच्या माहेराचा पत्ता नसायचा. तिकडे माहेर शाबूत. तेव्हा ‘मार्गारेट अमुक, तमुकची रिलिक्ट’ दिसलं तर अमुक हे माहेर समजा आणि नवऱ्याचं आडनाव तिला चिकटवू नका. ‘लॉफुल सन टू’ला मी आपल्या जुन्या कागदांतलं ‘बिन’ (अमक्याचा मुलगा) म्हटलं असतं, पण बिनमध्ये लॉफुल येत नाही.

कोथरूडकर

मग ‘नॅचरल सन’? मी ‘सख्खा मुलगा’ लिहिलंय.

मोडीवाचक

उलटं झालं. नॅचरल म्हणजे लग्नाबाहेर जन्मलेला, अनौरस. लॉफुल म्हणजे औरस.

थंडप्रदेश

दोन बारकावे. आपल्या ‘औरस’ची जोडी ‘दत्तक’शीही लागते. तिकडे १९३० पर्यंत कायद्याने दत्तक घेणंच नव्हतं, तेव्हा जुन्या नोंदीतल्या औरसमागे दत्तकाचा प्रश्न लपलेला नसतो. दुसरं म्हणजे आईबापांनी नंतर लग्न केलं तर स्कॉटिश कायद्यात मूल मागाहून औरस ठरे. त्यामुळे एकच मुलगा बाप्तिस्म्याला ‘नॅचरल’ आणि बर्जेस होताना ‘लॉफुल’ असू शकतो. माणूस एकच. दोन भाऊ करून बसू नका.

आणि ‘रायटर’ला लेखक केलं असेल तर घरात कोणी मिरवायच्या आधी बदला. रायटर इन डंडी म्हणजे वकील, मुंबईकराच्या भाषेत सॉलिसिटर. गंमत म्हणजे तोच माणूस ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत मुंबईला आला आणि तिथे रायटर झाला तर तो सगळ्यात खालचा कारकून. शब्द एकच, हुद्दा समुद्राच्या कुठल्या बाजूला आहे त्यावर. ‘मर्चंट’लाही असंच खाली आणा, बऱ्याचदा तो गावातला साधा दुकानदार असतो.

कोथरूडकर

लेखक म्हणून आम्ही मिरवून झालोय. व्याहींनाही सांगितलं होतं.

शेवटचे दोन. ‘मॉर्टक्लॉथ’साठी दोन शिलिंग, अशी एक नोंद आहे. कफन लिहू?

वसईकर

कफन नको. कफन मेलेल्यासोबत जातं, मॉर्टक्लॉथ परत येतो. शवपेटीवर अंथरायची ती चादर किर्क सेशन किंवा धंद्याचा संघ भाड्याने देई. मुलांसाठी लहान चादर, भाडं कमी. ‘शवपेटीवरची भाड्याची चादर’ एवढं लांब लिहा, इलाज नाही. पण नोंद जपून ठेवा. दफनाची वही नसेल तिथे मृत्यूचा पुरावा म्हणून हे भाडंच उरतं.

कोथरूडकर

आणि ‘हाउफ’. सुनेच्या आजीने लिहिलंय, ‘आमचे सगळे हाउफमध्ये’. ते डंडीचं जुनं कब्रस्तान, एवढं मला माहीत आहे. पण शब्दाचा अर्थ?

थंडप्रदेश

स्कॉट्समध्ये हाउफ म्हणजे नेहमी भेटायची जागा. फ्रान्सिस्कन मठाची ती जागा मेरी राणीने १५६४ मध्ये शहराला दफनासाठी दिली. पुढे धंद्यांचे संघ तिथेच बैठका घ्यायला लागले, १७७६ पर्यंत, म्हणून हे नाव. थडग्यांवर धंद्याच्या खुणा कोरलेल्या आहेत. मुकुट आणि त्याखाली अर्धचंद्राकार सुरी दिसली की तो कॉर्डिनर.

मोडीवाचक

म्हणजे ‘कट्टा’!

कोथरूडकर

कट्टाच. सगळं बदलून आता पान असं झालंय: ‘जेम्स, डंडीचा जोडे करणारा, मयत जॉन विणकर याचा औरस मुलगा. कसोटीचा नग मान्य झाल्यावर संघात आला. सासऱ्याच्या हक्काने बर्जेस. कट्ट्यावर पुरला.’ कॉर्डिनरला ‘जोडे करणारा’च ठेवलंय, थंडप्रदेश म्हणतात त्या कारणासाठी. गप्प झालेल्या दोघींसाठी नव्हे. त्यांना पान पुन्हा वाचून दाखवताना मी मुद्दाम ‘चांभार’च म्हटलं.

नातीने एकच विचारलं, जेम्सच्या जोड्याला टाके किती होते. ते वहीत नाही.