प्रति: आरव्हीचा (राहायची सोय असलेल्या फिरत्या गाडीचा) फ्रीज आधी किती वेळ लावायचा?
वर कुणीतरी म्हटलंय की निघायच्या दोन तास आधी फ्रीज लावला तरी पुरतो, पण प्रोपेन आणि करंट दोन्हीवर चालणारा अ‍ॅब्सॉर्प्शन फ्रीज असेल तर प्लीज आदल्या रात्रीच लावा, त्यात कंप्रेसर नसतो, उष्णतेने अमोनिया फिरतो म्हणून गार व्हायला ८-१२ तास सहज जातात, उन्हाळ्यात अजून जास्त. आणि गाडी लेव्हलमध्ये हवी हं! ड्राइव्हवेला उतार असेल तर चाकाखाली फळ्या घाला, कलत्या गाडीत अमोनिया नीट वाहत नाही आणि कूलिंग युनिट कायमचं जाऊ शकतं. घरच्या प्लगवर लावलं की प्रोपेनही वाचतो. दूध, भाज्या घरच्या फ्रीजमध्ये गार करूनच आत ठेवा, पण आधी थर्मामीटर ठेवून ४० फॅरनहाइटच्या खाली आलाय ना ते बघा.