वजन उतरलं आणि पाळीच गायब! चरबीचा एवढा संबंध असतो का?

पळपुटी_नाशिक:
मैत्रिणींनो, वय ३०, आता बाळाचा विचार चाललाय. गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर पळायला जायला लागले आणि हाफ मॅरेथॉनचं खूळ डोक्यात शिरलं, मग भात पोळी बंद, रात्री नुसतं सूप, मिसळ तर विसरलेच (नाशिकमध्ये राहून!). ५६ वरून ४५ किलोवर आले, सगळे म्हणाले काय मस्त बारीक झालीस, पण पाळी आधी लांबली, मग नुसतं स्पॉटिंग, आता कित्येक महिने काहीच नाही. प्रेग्नन्सी टेस्ट निगेटिव्ह. सासूबाई म्हणतात अंगावर मांस नाही तर दिवस कसे राहणार, मला ते जुनाट वाटलं, पण जिमचा काटा बॉडी फॅट १६ टक्के दाखवतोय. खरंच काही संबंध आहे का?

कॉलेजरोड_काकू:
अगं सासूबाईंचं ऐक, त्या बरोबर बोलतायत 😄 रोझ फ्रिश नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञ बाईंनी १९७४ मध्येच मांडलं होतं की पाळी सुरू व्हायला साधारण १७ टक्के आणि नियमित राहायला २२ टक्के तरी चरबी लागते. हे आकडे काही दगडावरची रेघ नाहीत, कमी चरबीतही पाळी नीट असणाऱ्या मुली असतात, आणि जिमचा काटा तर पाणी किती प्यायलीस त्यावरही बदलतो. पण मुद्दा खरा आहे. चरबी लेप्टिन नावाचं हार्मोन सोडते, १९९४ ला सापडलं ते. ते कमी झालं की मेंदू समजतो घरात दाणा नाही, मग तो वरूनच सिग्नल मंद करतो, एलएच एफएसएच ही ओव्हरीला चालवणारी मेंदूकडची हार्मोन्स पडतात, अंडं पिकत नाही, इस्ट्रोजेन हे बायकी हार्मोन खाली. इस्ट्रोजेन गेलं की हाडंही झिजतात, म्हणून हे नुसतं बाळापुरतं नाहीये. आणि पाळी येण्याच्या हार्मोनच्या गोळ्या घेऊन ब्लीडिंग आलं तर खूश होऊ नकोस, तो गोळ्यांचा परिणाम असतो, मूळ दुखणं तसंच राहतं.

रनर_फिजिओ:
ताई, चरबीपेक्षा मी खाण्याचा हिशोब बघेन. दिवसभरात खाल्लेल्यातून व्यायामाचं वजा करा, उरलेलं चरबी सोडून बाकीच्या वजनाच्या दर किलोला ३० कॅलरीच्या खाली गेलं की पाच दिवसांतच एलएचची लय बिघडल्याचं अभ्यासात दिसलंय. तुमचं चरबीशिवाय वजन ३८ किलो धरलं तर ११४० झाल्या, त्यात १० किलोमीटर पळण्याच्या साधारण ४५० घाला, म्हणजे १६०० च्या आसपास खाल्लं तर तुम्ही जेमतेम धोक्याच्या रेषेवर. सूपवर कसं भागणार? पळणं निम्मं करा आणि पोळी भात परत सुरू करा.

सिडकोची_पीसीओएसवाली:
थांबा, हे वाचून माझ्यासारखीने तूप ओतायला घेऊ नये 🙏 माझं उलटं, पीसीओएस म्हणजे ओव्हरीचं हार्मोन बिघडण्याचं दुखणं, वजन ८० च्या वर आणि पाळी दोन दोन महिने नाही. जास्त चरबीत इन्सुलिन वाढतं, त्याने ओव्हरी टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन जास्त बनवते, लिव्हर त्याला बांधून ठेवणारं प्रोटीन कमी करतं, शिवाय चरबीच पुरुषी हार्मोनचं इस्ट्रोजेन करत बसते, सगळाच गोंधळ. डॉक्टर म्हणाल्या ५ ते १० टक्के वजन उतरलं तरी बऱ्याच जणींचं अंडं परत सुटायला लागतं, म्हणजे मला ४ ते ८ किलो. आणि काट्यावर बारीक म्हणजे चरबी कमी असंही नाही हं, पुण्याच्या डॉ. याज्ञिकांनी स्वतःला एका ब्रिटिश डॉक्टरांशेजारी मोजलं होतं, दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २२.३, पण यांची चरबी २१.२ टक्के आणि त्यांची ९.१!

पळपुटी_नाशिक:
बापरे १६०० पण मी खात नाही. उद्याच अपॉइंटमेंट घेते.

कॉलेजरोड_काकू:
घे, आणि थायरॉइड, प्रोलॅक्टिन, एफएसएच, इस्ट्रोजेन सगळं बघायला सांग, सगळं वजनावर ढकलू नकोस. अजून एक, पाळी नाही म्हणजे दिवस राहणारच नाहीत असं धरून चालू नकोस, अंडं आधी सुटतं आणि पाळी नंतर येते, त्यामुळे खाणं सुधारल्यावर पाळीची वाट बघता बघता एकदम गोड बातमीच यायची 😊 फॉलिक ॲसिड आत्तापासूनच विचारून सुरू कर.